रुईवरचं बिऱ्हाड

या रे पोरांनो, बसा इथे ओट्यावर. आज रुईची गोष्ट सांगतो. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ असते, रथसप्तमीला जिची सात पानं अंगावर ठेवून तुमची आजी आंघोळ करते, तीच ही रुई. देवाधर्माला सगळ्यांना हवी असते, पण दारात हौसेनं लावलेली मी क्वचितच पाहिली.

"पण आजोबा, रुई लावायची कशाला? ती तर आपली आपण उगवते!"

उगवते खरी, धाकटे. पण कुठे उगवते ते आधी बघू. चैत्रातल्या दुपारी आपल्या पुळणीवर अनवाणी उभे राहिलात, तर दहा आकडे मोजायच्या आत सावलीकडे पळाल. रुई तिथे जन्मभर उभी असते. वाळूचे कण मोठे आणि सुटे, त्यामुळे पावसाचं पाणी वर थांबतच नाही, सरळ खाली जातं. जाताना खताचा अंशही घेऊन जातं. वरून मिठाचा वारा. अशा जागी आपण कौतुकानं आणलेलं नर्सरीतलं रोप ठेवलं, तर दोन दिवसांत मान टाकतं.

किनाऱ्यावरही जागा वाटून घेतलेल्या असतात बरं. भरतीच्या रेषेजवळ मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा. वाळू धरून ठेवण्याचं काम त्यांचं. त्यांच्या मागे, लाटांचे शिंतोडे थेट पोचत नाहीत अशा उंचवट्यावर निगडी, केवडा आणि आपली रुई. रुई प्यायला पाणी आणते कुठून? सोटमूळ सरळ खोल सोडते. वरची वाळू भाजत असली, तरी काही फुटांखाली ती ओलसर असते. आपल्या वाडीतली विहीर आठवा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. हे मला कळलं तेव्हा मी तुमच्याएवढा होतो, आणि आजही विहिरीत डोकावताना त्याचं नवल वाटतं.

आता पान बघा. तोडायचं नाही, झाडावरच बघायचं. हिरवं असूनही ते पांढुरकं, पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. अंगठ्यानं हलकेच पुसा, पांढरेपणा बोटाला लागेल आणि खालचा हिरवा रंग उघडा पडेल. हे मेणाचं आवरण. आलेलं ऊन ते बरंचसं परतवून लावतं आणि पानातलं पाणी उडू देत नाही. कोवळ्या पानांवर तर पांढरी लव असते. पानांची मांडणीही पाहून ठेवा. एक जोडी पूर्व-पश्चिम, तर तिच्या वरची उत्तर-दक्षिण. त्यामुळे वरचं पान खालच्या पानाचं ऊन पुरतं अडवत नाही.

आणि पान तोडायचं नाही असं का म्हणालो, तर चिकामुळे. रुईच्या अंगभर बारीक नळ्यांचं जाळं आहे, आणि त्यांत पांढरा चीक दाबाखाली भरलेला असतो. कुठेही खरचटलं की तो भळभळा बाहेर येतो. महाभारतातल्या आदिपर्वात धौम्य ऋषींच्या शिष्याची, उपमन्यूची गोष्ट आहे. गुरूनं खाण्याचे सगळे मार्ग बंद केले, तेव्हा भुकेला उपमन्यू रानात रुईची पानं खाऊन आंधळा झाला आणि विहिरीत पडला. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला दृष्टी परत दिली. लहानपणी मला ही नुसती कथा वाटायची. पण रुईचा चीक डोळ्यात जाऊन दिसेनासं झालेल्या रुग्णांच्या नोंदी आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी खरोखर केलेल्या आहेत. यातली फसवी गोष्ट अशी, की डोळा बऱ्याचदा दुखतच नाही, नुसतं धुरकट दिसू लागतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला आतून पेशींचं अस्तर असतं, त्याला तो चीक इजा करतो. म्हणून रुईला हात लावला की आधी साबणानं हात धुवायचे, मगच डोळे चोळायचे. चीक डोळ्यात गेलाच, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि दुखत नसलं तरी डॉक्टर गाठायचा. एवढं लक्षात ठेवलंत तरच पुढची गोष्ट सांगेन.

ठेवलंत? मग ऐका.

गाय रुईकडे फिरकत नाही. बकरी, जी कुंपणाची काटेरी डहाळीही सोडत नाही, ती हुंगून पुढे जाते. आता तुम्हाला वाटेल, अशा कडू-जहर झाडावर कुणी राहत नसेल. पण श्रावणात एखादं मोठं पान उलटून पाहा. खालच्या बाजूला मोहरीएवढं, पांढुरकं, किंचित उभट अंडं सापडेल. भिंग लावलं तर त्यावर उभ्या बारीक कडा दिसतील. आई एका पानावर साधारण एकच अंडं ठेवते आणि पुढच्या पानाकडे जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी आपल्याच अंड्याचं टरफल खाऊन टाकते. मग रुईचं पान. मोठी झाल्यावर ती इतकी देखणी दिसते की ओळखायला चूक होणार नाही. अंगभर काळे-पांढरे पट्टे, त्यांत पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या.

चिकाचं ती काय करते? मोठी अळी पान खायच्या आधी त्याची शीर कुरतडते. शीर फुटली की चीक तिथूनच वाहून जातो आणि पुढच्या भागातला दाब उतरतो. मग अळी पुढे सरकून तो रिकामा झालेला भाग निवांत खाते. पान मधूनच मोडून लोंबताना दिसलं, तर थांबा आणि जवळून बघा. बहुतेक तिचंच काम असतं. हे तिला कुणी शिकवत नाही. आईची आणि तिची गाठसुद्धा पडत नाही!

दोनेक आठवड्यांत ती पोटभर खाऊन एखाद्या पानाखाली किंवा शेजारच्या काडीला उलटी टांगून घेते आणि कोश करते. कोश कधी फिकट हिरवा, कधी गुलाबीसर. आठ-दहा दिवसांनी त्यातून नारिंगी फुलपाखरू निघतं. पंखांची टोकं काळी, त्यांवर पांढरा पट्टा. हा बिबळ्या कडवा, इंग्रजीत प्लेन टायगर. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा. मधल्या भागात तीन असले तर मादी, चार असले तर नर. नराचा चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी असते. इजिप्तमधल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर शिकारीचं एक चित्र होतं, ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ३,३०० वर्षांहून जुनं चित्र, आणि त्यात हेच फुलपाखरू उडताना काढलेलं आहे. माणसानं ओळखू येईल असं रंगवलेल्या अगदी जुन्या फुलपाखरांपैकी ते एक.

थोरल्यानं मघापासून हात वर केलाय. विचार रे.

"आजोबा, अळीला विष बाधत कसं नाही?"

फार चांगलं विचारलंस. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात बारीक पंप असतात. ते सोडियम बाहेर ढकलतात आणि पोटॅशियम आत ओढतात. हृदयाचे ठोके आणि नसांमधून जाणारे संदेश या पंपांच्या जिवावर चालतात. रुईतली कार्डेनोलाइड नावाची विषं नेमकी या पंपाला जाऊन चिकटतात आणि तो बंद पाडतात. अशाच जातीचं द्रव्य फॉक्सग्लोव्ह नावाच्या विलायती झाडात असतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ साली त्याचा औषधी उपयोग लिहून काढला, आणि त्यातून हृदयाचं औषध मिळालं. मात्रा मोजून दिली तर औषध, नाहीतर जीव जायचा. रुईवर असले प्रयोग घरी अजिबात करायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत बिबळ्या कडव्याचा जवळचा नातेवाईक आहे, मोनार्क फुलपाखरू. त्याची अळी रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर मोनार्कच्या पंपाची घडणच जराशी बदललेली होती, त्यामुळे विषाला तिथे नीट चिकटता येत नाही. मग २०१९ साली त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. फळांवर घोंघावणारी चिलटं तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्या जनुकात मोनार्कसारखे फक्त तीन जागी बदल केले. ती चिलटं विष घातलेलं खाणं खाऊन खुशाल जगली! लाखो वर्षांत फुलपाखराला जे साधलं, त्याचा मुख्य भाग तीन जागांच्या फेरफारात होता. मला तर हे वाचून रात्री झोप आली नव्हती.

कडव्याच्या कुळातली फुलपाखरं हे विष अंगात साठवूनही ठेवतात. प्रत्येकाच्या अंगात सारखंच असतं असं नाही, पण ज्या पक्ष्याला एकदा कडू घास मिळाला, तो पुढे नारिंगी-काळ्या पंखांच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून बिबळ्या कडवा घाईत उडत नाही. संथ, खालून, उन्हात मिरवत जातो. आणि या मिरवण्याचा फायदा तिसरंच कुणी घेतं. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, पण तिच्या अंगात विष नाही. तिची अळी कुठे वाढते माहितेय? घोळीवर. तीच, आजी जिची डाळ घालून भाजी करते. नराला मात्र सोंग घ्यायची गरज वाटलेली दिसत नाही. तो काळा, आणि पंखांवर मोठे पांढरे ठिपके.

रुईवर भाडेकरू आणखीही आहेत. कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा दाटलेला असतो. त्यात सगळ्या माद्याच, नराशिवायच पिलं होतात. पाठोपाठ लेडीबर्ड भुंगेरे येतात आणि मावा खातात. मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा लठ्ठ नाकतोडा. त्याच्या पिलाला डिवचलं तर ते पोटाजवळून कडू द्रवाची चिळकांडी सोडतं, म्हणून तोंड जवळ नेऊ नका. त्याची मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसून अंडी घालते, तेव्हा वाळू भुसभुशीत असणं तिच्या सोयीचंच.

आता फूल. खरं सांगू, या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आवडतं ते रुईचं फूल. पाच जाड, मेणचट पाकळ्या, पांढऱ्या किंवा फिकट जांभळ्या, आणि मधोमध कोरीव मुकुट. फुलात बोट घातलं तर जास्वंदीसारखे पराग बोटाला लागत नाहीत. पराग इथे सुटे नाहीतच. ते पिवळ्या, चपट्या पिशव्यांत बंद असतात. मुकुटाच्या मध्यभागी पंचकोनी चकती असते. तिच्या पाच कोपऱ्यांवर पाच बारीक, काळपट ठिपके भिंगाशिवायही दिसतील. प्रत्येक ठिपक्याला मधोमध चीर असते आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक पिशवी लोंबत असते.

मोठा काळा भुंगा, जो आपल्या पडवीच्या वाशाला भोकं पाडतो तो, मधासाठी येतो. घसरड्या फुलावर पाय रोवताना त्याचा पाय किंवा सोंड बाजूच्या खाचेत शिरते. ओढून बाहेर काढताना ती वर सरकते आणि त्या काळ्या ठिपक्याच्या चिरेत अडकते. आता भुंगा जोर करून निघाला की ठिपका सुटतो, आणि पिशव्यांची जोडी पायाला लटकवून तो उडतो. किडा दुबळा असेल तर त्याला ही ओढ झेपत नाही. पुढच्या फुलावर पिशवी नेमकी खाचेत जाऊन बसली तरच फळ धरतं. कुलपात किल्ली बसावी तसा हा नेमकेपणा, म्हणून झाड फुलांनी भरलेलं असलं तरी बहुतेक फुलं फळ न धरताच गळतात.

या फुलांनी विज्ञानाला एक मोठं देणं दिलंय. पुस्तकात ब्राऊनियन गती वाचली असेल. ती ज्यांच्या नावानं ओळखली जाते, ते रॉबर्ट ब्राऊन हे वनस्पतींचे अभ्यासक. रुईचं कॅलोट्रॉपिस हे शास्त्रीय नावही त्यांनीच दिलं. ऑर्किड आणि रुईच्या कुळातली फुलं फळतात कशी, याचा शोध घेत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले असताना त्यांना पेशींमध्ये पुन्हा पुन्हा एक गोल ठिपका दिसला. १८३१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे याच विषयावर निबंध वाचताना त्यांनी त्या ठिपक्याला न्यूक्लियस म्हटलं. तुम्ही शाळेत काढता ते पेशीकेंद्रक.

फळ जाड, हिरवं, फुगीर. उन्हाळ्यात ते वाळून एका बाजूनं उकलतं. आत चपट्या तपकिरी बिया एकमेकींवर थर लावून बसलेल्या, आणि प्रत्येकीला पांढऱ्या रेशमाचा झुपका. वारा सुटला की एकेक म्हातारी सुटते. हो, अंगणात तुम्ही जिच्यामागे धावता तीच. हा कापूस उशीत भरत, आणि सालीच्या चिवट धाग्याचा पूर्वी धनुष्याची दोरी वळायला उपयोग होई.

तर आता धाकटीच्या प्रश्नाकडे येऊ. लावायची कशाला? कारण तिच्या जागा चालल्या आहेत. पुळणीमागच्या उंचवट्यावर आता भिंती, गाड्या उभ्या करायच्या जागा आणि हिरवळी येत आहेत. कित्येक ठिकाणी सुरूची दाट बनं आहेत. वारा अडवायला सुरू चांगला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच्या सावलीत, सुयांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि रुईला तर डोक्यावर ऊन हवं. ज्याच्या दारात वाळू आणि ऊन आहे, त्यानं चार कुंड्या पाण्यानं जगवत ठेवण्यापेक्षा एक रुई लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लावायला सोपी आहे. उन्हाळ्यात ताज्या फळातलं बी घ्या, झुपका काढून टाका. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की जिथे झाड हवं तिथेच, नखाएवढ्या खोल, दोन-तीन बिया टाका. सोटमुळाला जागा बदललेली मानवत नाही, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावण्याच्या भानगडीत पडू नका. फांदीही जगते, पण आधी तिचा चीक सुकू द्यावा लागतो. पाणी साचेल अशी जागा नको. खत नको. पहिल्या उन्हाळ्यात फार तर अधूनमधून तांब्याभर पाणी, पुढे तेही नको. पुरुषभर उंच आणि तितकीच रुंद होईल एवढी मोकळी जागा सोडा. वाढली तर छाटा, पण हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. रांगतं मूल असेल त्या घरानं ती कुंपणापलीकडे लावावी. छाटलेली पानं वाया जात नाहीत. शेतकरी दशपर्णी अर्कात रुई वापरतात, विचारा तुमच्या मामाला.

शेजारी घागरी लावा. तिला खुळखुळाही म्हणतात, कारण वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात. हीसुद्धा आपलीच, वाळूत आणि उन्हात वाढणारी, कमरेएवढी, पिवळ्या फुलांची. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन तिला मिळवून देतात, त्यामुळे गरीब वाळूचं तिला काही वाटत नाही. कडव्या फुलपाखरांचे नर तिच्या सुकल्या पानांवर आणि शेंगांवर गर्दी करून एक कडू रस चोखतात. मादीला भुलवणारा गंध त्यांना त्यातून तयार करायचा असतो. रुईवर पोरं वाढतात आणि घागरीवर लग्नाची तयारी होते!

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, ही रुई इथलीच. तुमची आत्या परवा फोनवर म्हणाली, मला बी पाठवा. मी नाही म्हटलं, कारण तिच्याकडे रुई परकी. ऑस्ट्रेलियात रुईची बहीण, लहान रुई, गेली आणि उत्तरेकडच्या कुरणांत तण होऊन पसरली. उंटांच्या खोगिरात भरलेल्या कापसातून ती तिथे पोचली असं मानतात. आत्याच्या गावी तिथल्या मातीची झुडपं आहेत, तिथली फुलपाखरं आहेत. तिनं त्यांना जागा द्यावी.

आणि तुम्ही, रुई लावलीत आणि सहा महिन्यांनी तिची पानं भोकं पडलेली, अर्धी खाल्लेली दिसली, तर घाबरून औषध मारू नका. शेंड्याला मावा दिसला तरी मारू नका, लेडीबर्ड येईपर्यंत वाट पाहा. ती पानं खाण्यासाठीच लावलेली आहेत. रुई पुन्हा पालवते.